निवतीच्या वाळूवर फोडलेली होडी

बसू,

तुला मातीत बसवताना मांडी घालता येईना. जंगम स्वामींनी दोनदा प्रयत्न केला. आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं पुरत नाहीत, मांडी घालून, तळहातावर लिंग ठेवून बसवतात, हे रुद्रभूमीत जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण जळून ताठलेल्या गुडघ्यांना ते कोण सांगणार? शेवटी स्वामी म्हणाले, "असू द्या. पाय लांब सोडूनच बसवा." आणि तू बसलास. पाठ मातीला टेकलेली, पाय पुढं सरळ, हात मांड्यांवर. बायका हंबरडा फोडत होत्या. मला रडू आलं नाही, राग आला. कारण अगदी असाच तू होडीत बसायचास, आणि अकरा दिवस रोज सकाळी मी तुला तसा बसलेला बघून पाण्यात ढकललं होतं.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. फाउंड्रीतले म्हणाले, असा मोल्डर परत मिळायचा नाही. गल्लीतले म्हणाले, पुरात निम्मी गल्ली यानं बाहेर काढली. आणि मग कुणीतरी ते म्हटलंच. "समुद्र पण मारला असता गड्यानं. दोनच दिवस राहिलेले. पण बहिणीनं होडी फोडली." मी त्याच्या मागंच उभी होते. त्यानं वळून बघितलं आणि त्याचं तोंड बंद झालं.

"बोला की," मी म्हटलं. "खोटं न्हाय त्यात काय."

आज तू गेल्याला अकरावा दिवस. घरात माणसं येतात, चहा पितात, जातात. मी आतल्या खोलीत बसून तुला हे लिहिते आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आणि अर्धं भांडण मला पचत नाही. तुलाही पचत नव्हतं.

तू कॉलेजात होतास तेव्हा तुम्ही चौघं मित्र गणपतीपुळ्याला गेला होता. परत तिघंच आलात. चौथ्याचा, दिल्याचा, हात तुझ्या हातात होता, गुडघाभर पाण्यात. घरी आल्यावर तू मला एकच वाक्य सांगितलंस, तेही भिंतीकडं तोंड करून. "सुटला न्हाय अक्का. काढून घेतला." तिसऱ्या दिवशी दिल्या कोसभर पुढच्या पुळणीवर सापडला आणि त्याला ओळखायला तूच गेलास. त्यानंतर दोन वर्षं तू रंकाळा तलावाच्या रस्त्यानंसुद्धा जात नव्हतास. पाऊस पडायला लागला की खिडकी लावून घ्यायचास.

आणि मग एका सकाळी तू रंकाळ्यात उडी मारलीस. का, ते कुणाला सांगितलं नाहीस. कधीतरी गोव्याला गेलास, तिथं एका गोऱ्या माणसाकडं ती लांब, निमुळती, वरून झाकलेली होडी बघितलीस. कयाक म्हणतात, असं आम्हाला सांगितलंस. दोन दिवस त्याचं सामान वाहिलंस आणि त्या बदल्यात ती वल्हवायला शिकलास. उलटली तर बाहेर न पडता, आत बसल्या बसल्या कंबरेच्या एका हिसक्यानं ती परत सरळ कशी करायची, तेही शिकलास. परत येऊन अप्पाच्या भांड्याच्या दुकानावरच्या गच्चीत तू तुझी स्वतःची बांधायला घेतलीस. साचे तयार करण्यात तुझा हात धरणारा कुणी नव्हताच. फायबर, राळ आणि त्या राळेचा तो डोकं धरणारा वास. सगळी लक्ष्मीपुरी नाकाला रुमाल लावून जायची.

अप्पा एके दिवशी वर आला. "हुच्च हाय हे पोरगं," तो म्हणाला. घरात राग आला की त्याची कानडी बाहेर पडायची आणि वेड्याला तो हुच्चच म्हणायचा, जशी आपण आईला अव्वा म्हणतो. "माझ्या दुकानावर बसून सोताचं मढं बांधतंय." तू ब्रश राळेत बुडवलास. त्याचाच त्याला जास्त राग आला. त्याच्या हातात तराजूची लोखंडी दांडी होती. ती त्यानं तुझ्या कपाळावर घातली. रक्त डोळ्यात उतरलं तरी तू राळेवरून हात फिरवत राहिलास. मी ओरडले, "अरे, उठ की!" तर म्हणालास, "वाळायच्या आत सारखं करायला लागतं अक्का. एवढं झालं की उठतो." पाच टाके पडले. होडीवर एका जागी तांबूस डाग राहिला. तो तू शेवटपर्यंत घासून काढला नाहीस.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना मी तुला विचारलं, "कशासाठी रं?"

"मला त्याच्या अंगावर जायचंय."

"कुणाच्या?"

"दर्याच्या. त्यानं दिल्याला घेतला तवा मी पाठ फिरवून पळालो अक्का. किनाऱ्याकडं. आता तोंड करून जायचंय. गुहागरपासनं तेरेखोलच्या खाडीपर्यंत. एकट्यानं."

मी मुरगूडच्या शाळेत खेळाची शिक्षिका, कोल्हापूरहून रोज एस्टीनं जाऊन-येऊन करणारी. पोरींना खो-खो शिकवणारी, शिट्टी फुंकणारी. मला वाटलं, याला अडवण्यात अर्थ नाही, निदान याच्याबरोबर जावं. तुझ्या मित्राची जुनी जीप घेतली. तू पाण्यानं, मी रस्त्यानं, रोज संध्याकाळी ठरलेल्या पुळणीवर भेटायचं असं ठरलं. मी एकच अट घातली. मी थांब म्हटलं की थांबायचं. तू "व्हय" म्हणालास. मी शपथ मागितली. तू बसवण्णाची शपथ घेतलीस. ती तू मोडलीस, हे मी इथं लिहून ठेवते.

खरं तर निघायलाच उशीर झाला होता. फाउंड्रीनं रजा दिली ती मे अर्धा संपल्यावर. गुहागरला कोळ्यांनी तुझी होडी बघितली, तुला बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता रोज दुपारनंतर समुद्र उठणार, आणि दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो थेट तोंडावर मारणार. मी ते तुला सांगितलं. तू हसलास. "म्हंजे पाठीत तर न्हाय मारणार."

पहिल्याच दिवशी हेदवीला त्यानं तुला ओळख दिली. तिथं कातळात एक अरुंद घळ आहे, लाट आत घुसते आणि तोफ उडाल्यासारखी वर उसळते. मी काठावर उभी होते. तू जरा जास्तच जवळून चालला होतास. ओढीनं तुझी होडी घळीकडं खेचली. तू वल्हं मारत होतास आणि जागचा हलत नव्हतास, उलट मागं येत होतास. त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या तोंडून कुठल्या कुठल्या शिव्या गेल्या असतील! मी समुद्राला दिल्या, तुला दिल्या, अप्पालाही दिल्या. परतणाऱ्या लाटेबरोबर तू कसाबसा सुटलास. संध्याकाळी तुझे दोन्ही तळवे सोललेले होते. मी त्यांना तूप लावलं. तू म्हणालास, "ताकद हाय गड्यात." जशी काही तालमीत जोड लागली होती.

गणपतीपुळ्याला तू उतरणार नव्हतास. तसं ठरलं होतं. मी पुळणीवर नुसती वाट बघत थांबले होते, तू पुढं जाताना दिसावास म्हणून. सुट्टीची गर्दी होती, पोरं घोड्यावर बसत होती, कणसं भाजली जात होती. लाटा फुटतात त्याच्या पलीकडं तू थांबलास. आणि मग तू वल्ह्यानं पाण्याला मारायला लागलास. आधी मला कळेना काय चाललंय. तू वल्हं डोक्यावर उचलायचास आणि दोन्ही हातांनी खाली आणायचास, साप मारावा तसा. एकदा, दहादा, वीसदा. तुझा आवाज वाऱ्यानं तुकडे तुकडे होऊन येत होता. शेवटी स्वतःच्याच फटक्यानं तोल जाऊन तू उलटलास. माझ्या शेजारी उभी असलेली माणसं हसली. "प्यायलंय वाटतं," एकजण म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं तशी तो बायकोला घेऊन बाजूला झाला. तू हिसक्यानं सरळ झालास, तोंडावरचं पाणी पुसलंस, आणि दक्षिणेला निघालास. 

पूर्णगडच्या पुढं, एका वाडीत. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची चूक एवढी मोठी नव्हती. वाऱ्यानं तुला ठरलेल्या जागी पोचू दिलं नाही आणि तू अलीकडंच होडी वर काढलीस. दिवस मावळायला आलेला, एकटा माणूस, कधी न बघितलेली बंद होडी, तिच्या पोटात झाकणं लावलेले कप्पे. किनाऱ्यावर चोरून माल उतरवल्याच्या गोष्टी त्या वर्षांत अजून ताज्या होत्या. तुझं बोलणं इकडचं नाही, एवढंच त्यांना पुरलं. मी तुला शोधत खाली जीप उतरवली तेव्हा सातआठजण तुला घेरून वल्ह्यांनी मारत होते. तू डोकं हातांत धरून वाळूत गोळा झाला होतास.

मी चाक काढायची टॉमी घेतली आणि धावले. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. जो पहिला समोर आला त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो माणूस "आई गं" म्हणून खाली बसला. बाकीचे थबकले. बहुतेक मारापेक्षा बाई बघून थबकले. "भाऊ हाय माझा!" मी किंचाळले. "माझा भाऊ हाय, कोल्हापूरचा हाय, वल्हवत चाललाय नुसता!"

मग सगळं उलटं झालं. कप्पे उघडून दाखवले, त्यातून शेंगदाण्याचे लाडू आणि तुझी लुंगी निघाली. ज्याचा खांदा मी मोडला त्याच्या आईनं तुझ्या पाठीला हळद लावली आणि आपल्याला मासे चालत नाहीत कळल्यावर पेज आणि आंब्याचं लोणचं आणून दिलं. मी तिच्या मुलाला जीपमध्ये घालून रत्नागिरीला हाड बसवायला नेलं. वाटेत तो कण्हत होता आणि मी खड्डे चुकवत होते. बसू, एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. टॉमी त्याच्या खांद्यावर बसली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हेदवीपासून साठलेलं काहीतरी त्या फटक्यातून बाहेर पडलं. तू पाण्याला का मारत होतास ते मला तेव्हा कळलं.

आणि तरी कुणकेश्वरचा तो एक दिवस होता. समुद्रानं त्या दिवशी तुला सोडून दिलं होतं. दुपारीच तू आलास, पाठ काळीनिळी, ओठ फुटलेले, मिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि चेहरा लहानपणचा. आपण देवळाच्या पायरीवर बसून भाकरी आणि खर्डा खाल्ला. तू म्हणालास, "अक्का, लई आत गेलं की किनाऱ्याचा आवाज बंद हुतो. लाटेचा पण. नुसतं वल्ह्याचं पाणी गळतंय तेवढंच ऐकू येतंय. तिथं दिल्याला घेतल्याचा राग येत न्हाय. कुणाचाच येत न्हाय." मी विचारलं, "मग तिथंच थांबावं वाटतं काय?" तू पायरीवर सांडलेला खर्डा बोटानं टिपलास. मग म्हणालास, "म्हणून तर सांजच्याला तू हुबी असतीस ते बरं हाय." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

निवतीला मात्र समुद्र परत अंगावर आला. सकाळपासून ढग होते. कोळी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारत होते. बाबल तांडेल म्हणून एक म्हातारा होता, त्यानं मला विचारलं, "तुझो कोण तो?" मी सांगितलं. तो म्हणाला, "बाय, दर्यान आता त्वांड बदलल्यान. आज इलो तर झिलाक घराक घेवन जा." पोराला घरी ने, एवढं मला कळलं.

तू चार तास उशिरा दिसलास. मी किल्ल्याच्या टेकाडावर चढले होते. दिसायचास, बुडायचास, परत दिसायचास. खडकांच्या रांगेपाशी एक लाट आडवी आली आणि तू उलटलास. सरळ झालास. दुसरी आली, उलटलास, सरळ झालास. तिसऱ्या वेळी होडीचं पोट तेवढं दिसत राहिलं. मी मोजायला लागले. शाळेत पोरींची धाव मोजते तशी. चाळीसपर्यंत मोजलं. मग तू होडीबाहेर दिसलास, तिच्या दोरीला धरून, आणि पुढच्या लाटेनं तुम्हा दोघांना उचलून खडकावर आपटलं. घरी अव्वा ओलं लुगडं दगडावर आपटायची ना, तसं. एकदा नाही. बाबल आणि त्याचे दोघं भाऊ कमरेला दोर बांधून पाण्यात शिरले आणि त्यांनी तुला ओढून काढलं. तू वाळूवर उताणा पडून खोकत होतास आणि थुंकीत रक्त होतं. डाव्या बाजूच्या बरगड्या हात लावू देत नव्हत्या.

आणि तासाभरानं तू उठून बसलास आणि राळेचा डबा मागितलास. होडीला कडेला चीर गेली होती, ती बुजवायला.

"बास झालं बसू," मी म्हटलं. "थांब आता."

"दोन दिवस राहिल्यात."

"मी थांब म्हणतीय. शपथ घेतलीस तू."

"दोन दिवस अक्का! वेंगुर्लं, शिरोडं, संपलं. आता थांबलो तर परत पळून आल्यागत हुईल."

"मरशील."

"मरू दे की! माझं मरण हाय, तुझं काय जातंय?"

मी तुझ्या कानाखाली मारली. तू मला ढकललंस. मी बाबलच्या खोपीच्या खांबावर जाऊन आदळले. बाबलनं मधे हात घातला. "भावा-भयणीचां ह्यां काय?" तो म्हणाला. तू चीर बुजवलीस, त्यावर कापड चढवलंस आणि एका कुशीवर आडवा झालास. पहाटे भरतीला निघायचं असं मला भिंतीला सांगावं तसं सांगितलंस.

उजाडायच्या सुमाराला मी उठले. तू खोपीत निजला होतास, होडी बाहेर दहा पावलांवर. बाबलच्या लाकडांपाशी कुऱ्हाड होती. समुद्र गरजत होता की शांत होता ते मी बघितलंसुद्धा नाही. मी पहिला घाव घातला तो तू रात्री बुजवलेल्या चिरेवर. फायबर लाकडासारखं फुटत नाही, ते चिवट असतं, कुऱ्हाड धरून ठेवतं. प्रत्येक घावाला ती पाय देऊन उपसावी लागत होती. मी घाव घालत राहिले. तू बाहेर आलास तेव्हा होडीचे दोन तुकडे झाले होते.

तू जवळ आलास आणि मूठ आवळून माझ्या तोंडावर मारलीस. समोरचा दात निम्मा तुटला. मी परत कुऱ्हाड उचलली होती, बसू. होडीसाठी की तुझ्यासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. बाबलनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

आणि मग तो समुद्र शांत झाला. तुझ्या बरगड्यांना जीपचे धक्के सोसेनात म्हणून आपण दोन दिवस निवतीलाच राहिलो, आणि ते दोन्ही दिवस पाणी ताटात ओतल्यासारखं पडून होतं. ढग निघून गेले. शाकारलेल्या होड्या दोघातिघांनी परत पाण्यात नेल्या. तू वाळूवर बसून दक्षिणेकडं बघत होतास. बाबल माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला विचारलं, "पोचला असता काय हो?" तो म्हणाला, "दर्यो कोणाक सांगान उठणा नाय, नि सांगान निजणा नाय." हे उत्तर नव्हतं. पण मला दुसरं मिळालं नाही.

त्यानंतर सात वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. शैलाशी तुझं लग्न ठरलं ते मला अव्वाकडून कळलं. लग्नात तू माझ्या हातात अक्षता दिल्यास आणि नजर दुसरीकडं ठेवलीस. तू परत होडी बांधली नाहीस, समुद्राकडं गेला नाहीस. आणि अप्पा! ज्यानं तुझं कपाळ फोडलं तो अप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागला. "माझा पोरगा एकट्यानं तेरेखोल गाठणार हुता. दोन दिवस राहिलते. ह्या पोरीनं घात केला." होडी होती तोवर मढं, फुटल्यावर पराक्रम. मी ते ऐकून घेत होते. दाताची फट जिभेला लागायची आणि मला वाटायचं, ठीक आहे, तू जिवंत आहेस, रागावलेला का होईना.

मग तो मोठा पूर आला. अव्वा माझ्याकडं शुक्रवार पेठेत राहायला आली होती, आणि पंचगंगा पायऱ्या चढत चढत आमच्या माडीपर्यंत आली. गल्लीतून नदी धावत होती, सिलिंडर, दारं, मेलेली म्हैस घेऊन. आणि त्या लोंढ्यातून तू आलास, कुठल्याशा गुऱ्हाळातली गूळ करायची मोठी काहील आणून, तिच्यात बसून, हातात फळी. ती काहील भोवऱ्यासारखी फिरत होती आणि तू तिला एका फळीनं सरळ ठेवत होतास. खिडकीखाली आलास आणि म्हणालास, "बसा खाली. हलू नगा." सात वर्षांनी तुझे शब्द. ते अव्वाला होते की मला, कोण जाणे. कोपऱ्यावर पाण्यानं आपल्याला विजेच्या खांबावर नेऊन आदळलं, काहील कलली, अव्वा किंचाळली. तू एका हातानं खांबाला रेटा दिलास आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलंस. जमिनीवर उतरल्यावर ते सोडायला तुला उशीर झाला. मग तू परत गेलास, शेजाऱ्यांना आणायला.

त्यानंतर बोलणं सुरू झालं, थोडं थोडं. "मीठ दे." "अव्वाची गोळी संपली." निवतीचं नाव कुणी काढलं नाही.

मग हे. क्रेनची साखळी तुटली आणि वितळलेलं लोखंड तुझ्या अंगावर आलं. कमरेखाली जास्त. आठ दिवस तू जगलास. ड्रेसिंग बदलताना तुझा आवाज वॉर्डाबाहेर रस्त्यापर्यंत यायचा, आणि मी, पोरींना "रडायचं न्हाय" म्हणून शिकवणारी, जिन्यात बसून कान झाकून घ्यायची. डॉक्टर आकडे सांगायचे, इतके टक्के, तितके टक्के. मला ते नको होते.

पाचव्या दिवशी दुपारी शैला औषधं आणायला गेली होती. तू शुद्धीवर होतास. घसा बसलेला. मला जवळ बोलावलंस.

"अक्का. त्या सकाळी मी जागा हुतो."

मला आधी कळलंच नाही, कुठली सकाळ.

"निवतीला. तू कुऱ्हाड उचललीस तवाच जागा झालो. पहिला घाव ऐकला. दुसरा ऐकला. उठून तुला धरलं असतं तर होडी वाचली असती. चिरंवर परत कापड चढवलं असतं." मधे तुला दम लागला. "उठलो न्हाय. तसाच पडून राह्यलो. सगळी फुटूपर्यंत."

"का रं?"

"भ्यालतो. खडकावर आपटलं तवाच मी भ्यालतो अक्का. पण माझ्या तोंडानं थांबतो म्हणवंना. तू फोडाय लागलीस आणि मला... बरं वाटलं."

एवढ्या आवाजात तुला बाहेर यायला एवढा वेळ कसा लागला, हे मला एवढ्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"मग मला मारलंस कशाला?"

तू हसायचा प्रयत्न केलास. ओठांना ते जमलं नाही. "मला सोताला मारायचं हुतं. तू म्होरं हुतीस."

"आणि सात वर्षं बोलला न्हाईस?"

"तोंड कुठं हुतं." मग थोड्या वेळानं, डोळे मिटून, "सांग सगळ्यांना. अप्पाला पण सांग. म्हणावं, पोरगा दोन दिवसांनी पोचणार नव्हता. पोरगा भ्यालता."

मला तुझ्यावर ओरडायचं होतं. सात वर्षं, बसू! सात वर्षं मी रस्त्यानं जाताना लोक माझ्याकडं बोट दाखवायचे. आणि मला तुझ्या कानाला तोंड लावून सांगायचं होतं की बाळा, भ्यालास तेच बरं केलंस, खडकावर आपटलेला माणूस भिणार नाही तर कोण भिणार. यातलं एकही मी बोलले नाही. नर्स ट्रॉली घेऊन आली आणि ड्रेसिंगची वेळ झाली. नंतरचे तीन दिवस तू कुणालाच ओळखलं नाहीस.

आज सकाळी पुढच्या सोप्यात माणसं बसली होती. फाउंड्रीतले चौघं, मुरगूडहून आलेले माझे हेडमास्तर, गल्लीतले. अप्पा भिंतीला टेकून बसला होता. तो आता फार म्हातारा दिसतो. डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरतात. तराजूची दांडी त्या हातांत होती यावर आता कुणाचा विश्वास बसणार नाही. आणि तो परत सांगायला लागला. हेदवी, गणपतीपुळं, पूर्णगड, सगळी नावं त्याला पाठ आहेत, यातलं एकही गाव त्यानं बघितलेलं नाही. निवतीला येऊन तो थांबला. माझी चाहूल त्याला लागली असावी. "दोन दिवस राहिलते," तो म्हणाला, "व्हय की न्हाय गं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तू सांग म्हणाला होतास. शब्द माझ्या तोंडात आले होते, तुझेच, जसेच्या तसे.

"व्हय अप्पा," मी म्हटलं. "दोनच दिवस. पोचला असता तो. मीच फोडली."

अप्पानं मान हलवली आणि पुढं सांगायला लागला. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

एकदा मी थांब म्हटलं आणि तू ऐकलं नाहीस. आज तू सांग म्हटलंस आणि मी ऐकलं नाही. पटत नसलं तर ये आणि भांड माझ्याशी.

तुझी,
अक्का